उंदराला दिसलं, हे कळतं कसं? कृत्रिम दृष्टिपटलाच्या चाचण्यांचा इतिहास

दिवाळीत मामांकडे गेले होते, शिरपूर तालुक्यातल्या गावी. मामांना रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. विशीतच त्यांना रात्रीचं दिसेनासं झालं. गावात सगळे म्हणाले, रातांधळं आहे, गाजर खा, काळीज खा. 'अ' जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे आलेलं रातांधळेपण वेळेवर उपचार मिळाले तर जातं. मामांचा आजार मात्र जनुकातला. धुळ्याच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला, तेव्हा त्याचं नाव कळलं. आता पन्नाशीत त्यांना नळीतून पाहावं तेवढंच दिसतं. दिवस मावळला की ते ओटा सोडत नाहीत.

त्या दिवसांत एक बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. परदेशात डोळ्यात चिप बसवली आणि दृष्टी गेलेली माणसं अक्षरं वाचायला लागली, त्याआधी उंदरांवर प्रयोग यशस्वी झाला होता, वगैरे. मी ती मामांना वाचून दाखवली. मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "उंदीर काय सांगस का वं माय, माले दिसस म्हनीसन?"

सगळे हसले, मीही हसले. पण जळगावला परत येताना बसमध्ये तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण मामांनी गमतीत जे विचारलं, तोच या संशोधनातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. आपण पेटच्या तयारीत 'कंट्रोल म्हणजे काय' याची व्याख्या पाठ करतो. मुलाखतीत ती म्हणूनही दाखवतो. पण कंट्रोल चुकला तर काय होतं, हे कळायला एखाद्या क्षेत्राचा इतिहास वाचावा लागतो. म्हणून आजचा लेख त्यावर. माझा स्वतःचा विषय प्राणिशास्त्रातला, चिप बनवणं हे माझं काम नाही. मी हे सगळं तुमच्यासारखंच पेपर वाचून समजून घेतलंय.

आधी डोळ्याबद्दल थोडं

डोळ्याच्या मागच्या भिंतीवर पातळ पडदा असतो, तोच दृष्टिपटल किंवा रेटिना. त्यात पेशींचे थर असतात. प्रकाश पकडणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या: मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी. त्या पकडलेल्या प्रकाशाचा संदेश द्विध्रुवी पेशींना देतात, त्या गँग्लियन पेशींना, आणि गँग्लियन पेशींचे लांब तंतू एकत्र येऊन मेंदूकडे जाणारी दृष्टिचेता बनते.

रेटिनायटिस पिगमेंटोसामध्ये आधी दंडपेशी मरतात, मग शंकुपेशी. म्हणून आधी रात्रीचं जातं आणि मग दिवसाचं. पण पुढचे थर बऱ्याच प्रमाणात शिल्लक राहतात. म्हणजे टॉवर पडला, पण घरापर्यंतची वायर शाबूत आहे, अशी अवस्था. मग प्रकाशाऐवजी विजेनं त्या उरलेल्या पेशींना हलवलं तर? कृत्रिम दृष्टिपटलामागची कल्पना एवढीच.

माणूस निदान सांगतो तरी

ही कल्पना वाटते त्यापेक्षा जुनी आहे. 1755 साली फ्रान्समध्ये शार्ल ल रुआ यांनी एका अंध माणसाच्या डोक्याभोवती तार गुंडाळली आणि लेडन जारमधली वीज त्यातून सोडली. दृष्टी आली नाही, पण त्याला ज्योतीसारखा उजेड जाणवला. 1956 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहॅम टॅसिकर यांनी पडद्यामागे सेलेनियमचा प्रकाशसंवेदी घट ठेवण्याचं पेटंट घेतलं. त्यातून अंध रुग्णाला उजेडाची जाणीव झाली होती. 1968 मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिंडली आणि ल्युइन यांनी दृष्टी गेलेल्या 52 वर्षांच्या एका बाईच्या मेंदूच्या दृष्टिकेंद्रावर 80 इलेक्ट्रोड बसवले. तिला प्रकाशाचे ठिपके दिसले, आणि कोणता इलेक्ट्रोड चालू केला की ठिपका कुठे दिसतो, हे तिनं सांगितलं.

या तिन्ही प्रसंगांत माणूस बोलला. त्यामुळे 'दिसलं का?' हा प्रश्न सुटला. पण डोळ्यात वर्षानुवर्षं राहणारी चिप थेट माणसात घालता येत नाही. ती गंजते का, पडदा सुटतो का, उष्णता किती होते, वीज पेशींना जाळते का, हे आधी प्राण्यात पाहावं लागतं. आणि प्राणी बोलत नाही.

कीलरचे उंदीर

प्राण्यात चाचणी करायची तर आधी पडदा खराब झालेला प्राणी हवा. तो मिळाला तो जवळजवळ अपघातानं. 1920 च्या दशकात हार्वर्डमध्ये क्लाइड कीलर नावाचा संशोधक विद्यार्थी उंदरांच्या डोळ्यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. काही उंदरांच्या पडद्यात दंडपेशींचा थरच नव्हता. ही गोष्ट आनुवंशिक आहे हे त्यानं 1924 मध्ये मांडलं.

पुढचं जास्त महत्त्वाचं. 1927 मध्ये कीलरनं लिहिलं, की या आंधळ्या उंदरांच्या डोळ्यावर प्रकाश टाकला तर बाहुली तरीही आकसते. दंडपेशी नाहीत, मग प्रकाश कळला कोणाला? याचं समाधानकारक उत्तर मिळायला पाऊण शतक लागलं. 2002 च्या सुमारास स्पष्ट झालं, की काही गँग्लियन पेशींत मेलॅनॉप्सिन नावाचं स्वतःचं प्रकाशसंवेदी रंगद्रव्य असतं. त्या पेशी बाहुली आणि दिवसरात्रीचं घड्याळ सांभाळतात. चित्र दिसण्याशी त्यांचा संबंध फार थोडा.

आता चिपच्या चाचणीचा विचार करा. आंधळ्या उंदरात चिप बसवली, प्रकाश टाकला, बाहुली आकसली. 'दिसलं' म्हणायचं का? चिप नसतानाही बाहुली आकसली असती! त्यामुळे फक्त बाहुलीवर अवलंबून असलेला निष्कर्ष वाचताना सावध राहायचं, हा इतिहासाचा पहिला धडा.

कीलरच्या उंदरांची आणखी एक गोष्ट संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी. त्याचे मूळ उंदीर पुढे टिकले नाहीत. नंतर दुसऱ्या प्रयोगशाळांत तसाच आजार असलेले उंदीर सापडले, त्यांना 'आरडी' म्हणायला लागले. हे तेच की वेगळे, हा वाद राहिला. 1993 मध्ये संशोधकांनी कीलरच्या सत्तर वर्षं जुन्या काचपट्ट्यांवरच्या कापांतून डीएनए काढला, पीसीआर केला आणि दोष एकच असल्याचं दाखवलं. त्या पेपरवर कीलरचंही नाव आहे. तेव्हा तो नव्वदीच्या पुढे होता. तुमच्या काचपट्ट्यांवर तारीख आणि नमुना क्रमांक नीट लिहा, असं गाईड का ओरडतात, ते यावरून कळेल.

दुसरा महत्त्वाचा प्राणी म्हणजे आरसीएस उंदीर, म्हणजे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचा मोठा उंदीर. त्याच्या पडद्याच्या आनुवंशिक ऱ्हासाचं वर्णन 1938 मध्ये बोर्न, कॅम्पबेल आणि टान्सली यांनी केलं. प्रकाशग्राही पेशी आपली जुनी टोकं रोज टाकत असतात आणि मागचा रंगद्रव्याचा थर ती गिळून साफ करतो. या उंदरात ती साफसफाई होत नाही, कचरा साचतो आणि काही महिन्यांत प्रकाशग्राही पेशी मरतात. 2000 मध्ये कळलं, की दोष एमईआरटीके या जनुकात आहे. उंदीर मोठा असल्यामुळे त्याच्या डोळ्यात शस्त्रक्रिया करणं जमतं. म्हणूनच चिपच्या चाचण्यांत हा प्राणी पुन्हा पुन्हा येतो.

चिपमुळे की शस्त्रक्रियेमुळे?

1990 च्या दशकात कामानं वेग घेतला. अमेरिकेत मार्क हुमायून आणि सहकाऱ्यांनी बेडूक आणि सशांच्या पडद्याला विजेचे झटके देऊन पेशी प्रतिसाद देतात का ते पाहिलं. 1996 मध्ये त्यांनी दृष्टी गेलेल्या माणसांत, भूल फक्त डोळ्याला देऊन, हेच केलं. रुग्णांनी ठिपके दिसल्याचं सांगितलं.

त्याच काळात ॲलन आणि व्हिन्सेंट चाऊ या भावांनी वेगळा मार्ग घेतला. एक डोळ्यांचा डॉक्टर, दुसरा इंजिनिअर. त्यांची चिप 2 मिलिमीटर व्यासाची, 25 मायक्रोमीटर जाडीची, सुमारे 5000 सूक्ष्म प्रकाशघट असलेली. बॅटरी नाही, कॅमेरा नाही, डोळ्यात येणाऱ्या उजेडावरच चालणारी. 2000 पासून ती सहा रुग्णांत बसवली. 2004 च्या अहवालात रुग्णांची दृष्टी सुधारल्याचं नोंदवलं होतं.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. सुधारणा चिप जिथे होती तिथेच नव्हती, पडद्याच्या दूरच्या भागातही होती. चिप तर तिथे नव्हतीच! खुद्द लेखकांनीच सुचवलं, की चिप चित्र दाखवत नसावी. तिच्यामुळे उरलेल्या पेशींना जगण्याचं काही पोषण मिळत असावं.

हे तपासायला पुन्हा उंदराकडे जावं लागलं. 2005 मध्ये मॅशेल पार्ड्यू आणि सहकाऱ्यांनी आरसीएस उंदरांचे गट केले. एका गटात चालू चिप, दुसऱ्यात वीज न देणारी बंद चिप, तिसऱ्यात लटकी शस्त्रक्रिया, म्हणजे चिरफाड तीच पण चिप नाही. चालू चिपच्या डोळ्यांत पडद्याचा विद्युत प्रतिसाद काही आठवडे जास्त चांगला राहिला. पण पेशी मोजल्या तर बंद चिपनेही प्रकाशग्राही पेशी वाचवल्या होत्या. म्हणजे विजेचा काही वाटा असेल, पण डोळ्यात परकी वस्तू शिरली म्हणून शरीरानं जो प्रतिसाद दिला, त्याचाही वाटा होता.

बंद चिपचा गट नसता तर? सगळं श्रेय विजेला गेलं असतं आणि तो निष्कर्ष पाठ्यपुस्तकात गेला असता. कंट्रोल म्हणजे 'काहीच न केलेला गट' एवढंच आपण धरून चालतो. इथे तीन गट लागले, कारण चिप बसवणं ही एक कृती नाही. त्यात चीर देणं आहे, वस्तू ठेवणं आहे आणि वीज देणं आहे. यातल्या प्रत्येकाला वेगळा कंट्रोल लागतो.

न दिसणाऱ्या प्रकाशाची युक्ती

तरी एक अडचण राहतेच. ऱ्हास झालेल्या पडद्यातही थोड्या शंकुपेशी जिवंत असू शकतात. प्रतिसाद चिपकडून आला की त्या उरलेल्या पेशींकडून?

स्टॅनफर्डमध्ये डॅनियल पालांकर यांच्या गटानं यावर जे केलं ते मला फार आवडलं. त्यांची चिपही बिनवायरची, सौरघटासारखी, पडद्याखाली ठेवायची. पण ती साध्या उजेडावर चालत नाही. साध्या उजेडातून मिळणारी वीज पेशींना हलवायला फारच कमी पडते. म्हणून खास चष्म्यातून जवळच्या अवरक्त प्रकाशाचा तीव्र झोत चिपवर टाकतात, तरंगलांबी सुमारे 880 नॅनोमीटर. हा प्रकाश नैसर्गिक प्रकाशग्राही पेशींना जवळजवळ दिसतच नाही. रुग्णाची उरलेली दृष्टी बिघडू नये हा एक फायदा. संशोधकाच्या दृष्टीनं दुसरा फायदा असा, की अवरक्त झोतावर मेंदूनं प्रतिसाद दिला तर तो चिपमुळेच आला, असं बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं. उपकरणातच कंट्रोल आला.

2015 मध्ये या गटानं आरसीएस उंदरांत 70 मायक्रोमीटरचे पिक्सेल असलेली चिप वापरली. उंदराला काळ्या-उजळ पट्ट्या दाखवायच्या, त्यांची अदलाबदल करायची आणि मेंदूच्या दृष्टिकेंद्रावरून विद्युत प्रतिसाद नोंदवायचा. पट्ट्या बारीक करत न्यायच्या. प्रतिसाद जिथे थांबतो ती उंदराची मर्यादा. पडद्यावर मोजलेली ही मर्यादा चिपच्या उंदरांत सरासरी 64 मायक्रोमीटर आली, निरोगी उंदरांत 27. म्हणजे चिपची तीक्ष्णता निम्म्याहून कमी, पण पिक्सेलच्या आकाराइतकी बारीक.

मामांचा प्रश्न मात्र अजून पूर्ण सुटला नव्हता. मेंदूत लहर उठली म्हणजे उंदराला 'दिसलं' असं नाही. आपण गाढ झोपेत असतानाही आवाज झाला तर मेंदूत लहर उठतेच. म्हणून वागणूक तपासावी लागते. 2020 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी माकडांच्या पडद्याखाली अशी चिप बसवली, आणि अवरक्त ठिपका आला की माकड त्या दिशेनं नजर वळवतं, हे दाखवलं. प्राणी याहून जास्त स्पष्ट 'सांगू' शकत नाही.

त्यानंतर माणसं. ऑक्टोबर 2025 मध्ये 'प्रीमा' या चिपच्या युरोपातल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वयोमानामुळे पडद्याच्या मध्यभागाचा ऱ्हास झालेले 38 रुग्ण होते. वर्षभरानंतर तपासता आलेल्या 32 पैकी 26 जणांची दृष्टी लक्षणीय सुधारली. 19 जणांना गंभीर दुष्परिणाम झाले, बहुतेक शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत. या चाचणीत लटक्या शस्त्रक्रियेचा वेगळा गट नव्हता, रुग्णाची तुलना त्याच्याच आधीच्या दृष्टीशी केली होती. पार्ड्यूचे उंदीर आठवत असतील, तर ही नोंद तुम्ही बाजूला लिहून ठेवाल.

आपल्याकडचं काम

हे सगळं परदेशातच, असं नाही. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात के. एस. नारायण यांचा गट प्रकाशावर वीज देणाऱ्या पॉलिमरवर काम करत होता. सौरघटात वापरतात ते पी-3-एच-टी हे पॉलिमर त्यातलंच. 2014 मध्ये विनी गौतम, नारायण आणि इस्रायलमधल्या सहकाऱ्यांनी एक सुंदर युक्ती केली. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाचा पडदा अशा वयात घेतला, जेव्हा गँग्लियन पेशी काम करतात पण प्रकाशग्राही पेशी अजून प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत. म्हणजे पडदा आजारी नाही, फक्त अजून आंधळा आहे. तो पॉलिमरच्या थरावर ठेवला, प्रकाश टाकला आणि गँग्लियन पेशींनी संकेत दिले. पुढे 2017 मध्ये इटलीतल्या एका गटानं याच पॉलिमरचं रोपण आरसीएस उंदरांत केलं आणि परिणाम कित्येक महिने टिकल्याचं नोंदवलं.

आपल्याकडे प्राण्यांवर प्रयोग करायचा तर 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि 1998 चे नियम लागू होतात. उंदरासारख्या लहान प्राण्यांसाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते, मोठ्या प्राण्यांसाठी केंद्रीय समितीची. अर्जात लिहावं लागतं, की इतकेच प्राणी का आणि प्राण्याशिवाय हे का होणार नाही. हा रकाना अनेक जण कॉपी-पेस्ट करतात. कृपया करू नका. कंट्रोलचे गट चुकवले तर ते सगळे प्राणी फुकट जातात, आणि प्रयोग पुन्हा करावा लागला की दुप्पट जातात.

चिप चालली, उत्पादन बंद पडलं

एक गोष्ट कुठल्याच उंदरानं सांगितली नसती. हुमायून यांच्या कामातून आलेलं, सेकंड साइट कंपनीचं 'आर्गस 2' हे 60 इलेक्ट्रोडचं उपकरण मामांच्याच आजारासाठी होतं. युरोपात 2011 मध्ये आणि अमेरिकेत 2013 मध्ये त्याला मान्यता मिळाली. जगभरात 350 हून जास्त लोकांनी ते बसवलं. 2019 मध्ये कंपनीनं ते बनवणं थांबवलं. 2022 मध्ये बातम्या आल्या, की उपकरण बिघडलं तर दुरुस्त करायला कोणी नाही. डोळ्यात चिप आणि विचारायला फोन नंबर नाही, अशी त्या लोकांची अवस्था झाली. प्राण्यांतल्या चाचण्या सुरक्षितता आणि परिणाम तपासतात. वीस वर्षांनी सुटे भाग मिळतील का, हे कोणी तपासत नाही.

म्हणून यापुढे असा पेपर हातात आला तर मी वहीत पाच प्रश्न लिहिते. प्राणी कोणता आणि त्याच्या पडद्यात त्या वयाला नेमकं काय उरलं आहे? बंद उपकरणाचा आणि लटक्या शस्त्रक्रियेचा गट आहे का? प्रकाश असा आहे का, की उरलेल्या पेशींना तो दिसणार नाही? मोजलं काय: बाहुली, मेंदूतली लहर की वागणूक? आणि निष्कर्षातलं वाक्य मोजलेल्या गोष्टीपेक्षा मोठं तर नाही? तुमच्या विषयात डोळे नसतील, तरी हे प्रश्न थोडे बदलून चालतील.

परवा मामांना फोन करून हे सगळं सांगितलं. उंदीर बोलत नाही, म्हणून त्याला शंभर वर्षं वेगवेगळ्या पद्धतीनं विचारत आले, असं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "मंग माले कव्हय दिसी?"

मी खरं ते सांगितलं. नवी चिप सध्या दुसऱ्या आजारात तपासली आहे, तुमच्या आजारातली आधीची चिप बाजारात नाही. आत्ता करण्यासारखं म्हणजे जनुक तपासणी करून घेणं, अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढणं, पांढरी काठी वापरायला शिकणं, आणि मुलांचे डोळे तपासून घेणं. मामा म्हणाले, बरं, पोरांना घेऊन सोमवारी धुळ्याला जातो. त्यांच्या धाकट्याला संध्याकाळी चेंडू दिसत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.